तीस दिवसांचं तीर्थ

मालनबाईंचा नेम तसा साधा होता. सकाळी आंघोळ झाली की बाळकृष्णाला पंचामृताचं स्नान घालायचं, आणि ते तीर्थ आमोदच्या तळहातावर पडेपर्यंत स्वतः पाण्याचा थेंब तोंडात घ्यायचा नाही.

नेम धरला त्याला दोन वर्षं झाली होती. दोन वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी भर दुपारी बिबवेवाडीतल्या त्यांच्या इमारतीच्या गच्चीवर त्यांचा एकुलता एक मुलगा कठड्यावर पाय बाहेर सोडून बसला होता. खालच्या मजल्यावरच्या तुळजाबाई पापड वाळत घालायला वर गेल्या आणि त्यांनी त्याला पाहिलं. बाईंनी आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाल्या, "आमोद, पापडाखालचं हे धोतर लई वारं घेतंय रे बाबा, जरा कोपरा धरतोस का?" आणि तिशीचा तो मुलगा आज्ञाधारकासारखा आत उतरला आणि धोतराचा कोपरा धरून उभा राहिला. त्यानंतर मालनबाई तुळजाबाईंच्या पाया पडल्या, तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्या नका पडू, माझेच गुडघे अजून थरथरतायत."

मग डॉक्टर झाले, गोळी सुरू झाली. गोळी म्हणजे हिरवी-पांढरी कॅप्सूल, रोज सकाळी एक. दोन-तीन महिन्यांनी आमोद पुन्हा ऑफिसला जायला लागला, जेवायला लागला, क्वचित वडिलांना उलट उत्तरही द्यायला लागला. देवावर त्याचा विश्वास नव्हता. पण दात घासून तो न चुकता देवघरापाशी यायचा, तळहात पुढे करायचा आणि म्हणायचा, "आण, तुझं पाणी सुरू करू." एखाद्या रविवारी उशीर झाला तर अंथरुणातूनच ओरडायचा, "आलो गं, तहानेनं मरू नकोस."

चैत्रात एका रविवारी जेवताना त्यानं विषय काढला. ऑफिसच्या कामानं त्याला नेदरलँड्सला जायचं होतं. कामानंतर चार दिवस रजा घेऊन तो आणि त्याची सहकारी तनया तिथल्या एका शिबिराला जाणार होते. भूछत्राच्या जातीच्या कसल्याशा गाठी तिथे खायला देतात, त्यानं माणसाला काही काळ वेगळंच दिसतं, मनातली जुनी गाठ सुटते. तिकडे ते कायद्यानं चालतं, देखरेखीला माणसं असतात, वगैरे.

रंगनाथरावांनी आमटीचा भुरका मारला. आयुष्यभर इमारतींचे नकाशे काढलेला माणूस, बोलणंही रेघ मारल्यासारखं. "म्हणजे दोन वर्षं डॉक्टरांनी केलं ते वाया, आणि आता अळंब्या."

"बाबा, हे नशापाणी नाहीये. जगभर रिसर्च चालू आहे यावर."

"असेल. डॉक्टरांना विचारलंस?"

"ते नाहीच म्हणतील."

"छान. उत्तर ठाऊक असलं की प्रश्न विचारायचा नाही."

आमोदनं ताट थोडं पुढे सारलं. मग हळू आवाजात म्हणाला, "मी वाईट नाहीये आता, मान्य आहे. पण बराही नाहीये, बाबा. तुमचं बोलणंसुद्धा मला कानात कापूस घातल्यासारखं येतं. आयुष्यभर असाच राहू का?"

रंगनाथरावांनी आमटीची वाटी खाली ठेवली.

"फक्त एक आहे," आमोद म्हणाला. "सहा आठवडे आधीपासून गोळी पूर्ण बंद ठेवावी लागते. तसं लिहून घेतात." आणि उरलेल्या गोळ्यांची पाकिटं आईच्या हातात देऊन म्हणाला, "टाकून दे. समोर नकोत."

मालनबाईंनी ती टाकली नाहीत. डाळीच्या डब्यामागे ठेवली. सहा आठवडे का, हे त्यांना कळलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य असतो, तसं काहीतरी असेल अशी त्यांनी समजूत करून घेतली. पथ्य म्हणायचं, पाळलं तर पुण्य, थोडं ढळलं तर देव समजून घेतो.

चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी आमोद कामावर गेला नाही. दुपारी त्याची खोली रिकामी दिसली. मालनबाई जिन्याकडे धावल्या, तर तो वरून खाली येत होता.

"कुठे गेला होतास रे?"

"गच्चीवर. हवा खायला. अगं आई, अशी काय बघतेस?"

मालनबाई वळल्या. स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. कठडा, पापड, धोतराचा कोपरा, सगळं डोळ्यांपुढे येऊन गेलं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी कॅप्सूलची दोन टोकं हलकेच पिळून वेगळी केली आणि आतली पांढरी पूड आमोदच्या वाटणीच्या तीर्थात टाकली. वर मध जरा जास्त घातला. देवाच्या पात्रात त्यांनी पूड पडू दिली नाही. बाळकृष्णाचं स्नान आधी, मग वेगळ्या वाटीत काढलेलं आमोदचं, मग पूड. देवाला आपण फसवलं नाही, एवढं समाधान त्यांनी स्वतःला दिलं.

"मध कुठला आणलायस? कडवट लागतोय," एकदा आमोद म्हणाला.

"कडुनिंबाच्या मोहराचा असेल."

त्या दिवसापासून मालनबाईंनी मीठ सोडलं. रंगनाथरावांनी कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, रक्तदाब. दोन खोटी झाली.

आणि आमोद सावरला. खरंच सावरला. ऑफिसला जायला लागला. संध्याकाळी तुळजाबाईंच्या नातीला सायकल शिकवायला खाली जायचा. पंधरा-वीस दिवसांनी एका सकाळी तीर्थ घेऊन झाल्यावर त्यानं आईच्या डोक्यावर टिचकी मारली. "बघितलंस? गोळी नाही, काही नाही, आणि मी ठीक आहे. मला वाटलं नव्हतं गं आई, मला असं राहता येईल. माझं मी." इतकं मोकळं हसताना मालनबाईंनी त्याला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. त्या हसण्याला त्यांनी मान डोलावली आणि पळी ताम्हनात ठेवली. आता सांगावं, हे तेव्हाच ओठांवर आलं होतं. पण मुलाच्या तोंडावरचं हसू स्वतःच्या हातानं पुसायला कुठली आई धजेल?

असे तीस दिवस झाले. एकतिसाव्या दिवशी तो विमानात बसला. मालनबाई त्याच्या फोटोसमोर तीर्थ ठेवून मगच पाणी पीत होत्या.

दोन आठवड्यांनी आमोद परत आला. चपला काढल्या, आईबाबांना नमस्कार केला, आणि झोपतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी रंगनाथरावांनी न राहवून विचारलं, "मग? काय दिसलं?"

"छत दिसलं," आमोद म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही, बाबा. अकरा जण होतो आम्ही. तनया लहान मुलीसारखी रडली, मग तासभर हसत होती. एक आजोबा होते, ते मेलेल्या भावाशी बोलत होते. सगळ्यांना काही ना काही झालं. मी सहा तास गादीवर पडून छताच्या फळ्या मोजल्या. तिसऱ्या दिवशी मला जास्त देऊन बघितलं. पुन्हा फळ्या. बावीस होत्या."

रंगनाथरावांनी चष्मा काढून पुसला.

"तिथली बाई म्हणाली, प्रत्येकाच्या आत काहीतरी असतं, ते वर येतं," आमोद शांतपणे बोलत होता, आणि तो शांतपणाच मालनबाईंना सोसवेना. "माझ्या आत वर यायला काही नाहीच आहे. हा शेवटचा उपाय होता. आता निदान कळलं तरी."

त्यानंतर तो घरात असून नसल्यासारखा राहू लागला. सायकल शिकवणं थांबलं. तीर्थ घ्यायला मात्र येई. तळहात पुढे करी, पण "तुझं पाणी सुरू करू" म्हणत नसे. मालनबाई आता साधं तीर्थ देत होत्या, पूड न घालता. काय करावं ते त्यांना समजेनासं झालं होतं. दुपारी तो गच्चीवर गेला की त्या वाळलेले कपडे आणायच्या निमित्तानं मागे जात. ओले कपडेही दोन-तीनदा काढून आणले.

बुधवारी चैताली आली. रंगनाथरावांच्या बहिणीची मुलगी. मेंदूच्या पेशींवर पीएच.डी. करत होती, उंदरांच्या मेंदूचे पापुद्र्याएवढे काप काढून त्यांतल्या पेशींचे आवाज ऐकते, असं ती घरच्यांना समजावून सांगायची. आमोद झोपला होता. मालनबाई गवार मोडत होत्या, चैतालीही समोर बसून मोडायला लागली.

"मामी, दादाला काहीच झालं नाही, हे मला पटतच नाही," ती म्हणाली. "दुसऱ्या वेळचा डोस बराच होता."

"तुला यातलं कळतं का गं?"

"थोडंफार. आमच्या शेजारच्या टेबलावर तेच चालतं. ही जी भ्रम दाखवणारी द्रव्यं असतात ना, ती पेशीवरच्या ठरावीक दारांतून आत हाक मारतात. पेशी ओ देते, मग ते सगळं दिसणं-बिसणं सुरू होतं. पण ज्या उंदराला दादासारखी गोळी बरेच दिवस दिलेली असते, त्याच्या पेशी बदललेल्या असतात. तीच हाक, तेवढीच जोरात, आणि पेशी पुटपुटल्यासारखी ओ देते. कधी देतच नाही." ती थांबली. "अर्थात उंदीर म्हणजे माणूस नव्हे. आमच्यात यावर भांडणं आहेत. पण गोळी घेणारे बरेच लोक सांगतात की आम्हाला काही जाणवलंच नाही. म्हणून तर सहा आठवडे बंद ठेवायला लावतात. ही गोळी अंगातून निघायलाच महिना-सव्वा महिना लागतो."

मालनबाईंच्या हातातली गवार तशीच राहिली.

"आणि बंद केलीच नसेल तर?"

"दादानं केली होती ना."

"त्यानं केली होती," मालनबाई म्हणाल्या.

चैतालीनं त्यांच्याकडे पाहिलं. मग देवघराकडे. हुशार मुलगी, पुढचं विचारावं लागलं नाही.

"मामी... किती दिवस?"

"तीस."

"अहो, नशीब म्हणा. दुसरं एखादं औषध असतं तर हे एकत्र जिवावर बेततं. झटके येतात माणसाला." तिचा आवाज चढला, मग तिनंच तो खाली घेतला. "तुम्हाला माहीत नव्हतं."

"मी विचारलं नव्हतं," मालनबाई म्हणाल्या. "चैताली, माझ्या एकादशीच्या ताटात कुणी भाताचं एक शीत टाकलं असतं तर मी ताट ढकललं असतं. आणि त्याचा उपास मी रोज सकाळी मोडला. देवासमोर बसून."

"मी सांगू का दादाला? सायंटिफिकली समजावून?"

"नको. त्याला वाटतंय त्याच्यात काही उरलं नाही. हे खोटं आहे, एवढं त्याला कळलं पाहिजे. आणि माझ्याच तोंडून."

"तो तुमच्यावर परत विश्वास ठेवणार नाही."

"ते दिसतंय मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमोद आला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. सवयीनं तळहात पुढे केला. मालनबाईंनी पळी उचलली नाही.

"बस जरा."

तो पाटावर बसला. त्यांनी सांगितलं. पाचव्या दिवसाचा जिना, डाळीचा डबा, कॅप्सूलची दोन टोकं, मध, सगळं. स्वतःची बाजू मांडली नाही, रडल्याही नाहीत. शेवटी म्हणाल्या, "तुला काही झालं नाही ते माझ्यामुळे, बाळा. तुझ्यात काही नाही म्हणून नव्हे. चैतालीला विचार हवं तर."

खालून भाजीवाल्याची हाक आली आणि गेली.

"रोज?"

"रोज. तीस दिवस."

"म्हणजे मी सायकल शिकवत होतो तेव्हाही?"

मालनबाईंनी मान हलवली.

"मी तुला म्हणालो होतो, बघ, गोळीशिवाय मी ठीक आहे. तू मान डोलावलीस." त्यानं तळहात मिटून घेतला. "आई, तो एक महिना मला वाटत होतं की हे माझं आहे. माझं मी कमावलंय. तिकडे छताकडे बघतानासुद्धा मी स्वतःला तेच सांगत होतो, की निदान तो एक महिना तरी माझा होता."

हे मालनबाईंच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्याच्यावरचं एक ओझं उतरावं म्हणून त्यांनी सांगितलं आणि तेच सांगणं त्याच्याजवळचं शेवटचं काही काढून घेऊन गेलं.

"आणि मी देवासाठी येत नव्हतो इथे," तो उठत म्हणाला. "तू तहानलेली राहू नयेस म्हणून येत होतो."

तो चपला घालून बाहेर पडला. रंगनाथरावांनी दारातून ऐकलं होतं सगळं. आयुष्यात पहिल्यांदा ते बायकोला काही न बोलता मुलाच्या मागे जिना उतरले आणि थोडं अंतर ठेवून दिवसभर त्याच्या मागून हिंडले. दुपारी त्यांचा फोन आला. "तळजाईच्या टेकडीवर बसलाय. मी आहे. तू पाणी पी."

मालनबाई प्यायल्या नाहीत. वैशाखातला दिवस, जीभ टाळूला चिकटली. नेम सोडायचा त्यांना धीर होईना. या नेमानंच पोर दोन वर्षं जगलं, अशी त्यांची श्रद्धा.

संध्याकाळी पाचला बापलेक परत आले. आमोदनं आईचे सुकलेले ओठ पाहिले. काही न बोलता तो देवघरापाशी गेला, तोंड भिंतीकडे वळवलं आणि तळहात पुढे केला. "दे. घेतो."

किळस आली तरी माणूस घोट घेतो, तसा तो मन घट्ट करून उभा होता. ते पाहिलं आणि मालनबाईंना कळलं की या तहानेनं आपण त्याला दोन वर्षं बांधून ठेवलं होतं. पूड पडली ती नंतर.

त्या उठल्या. माठावरचा पेला घेतला, बुडवला, आणि त्याच्यासमोर उभ्या उभ्या रिकामा केला. पाणी हनुवटीवरून पदरावर सांडलं.

"सोडला नेम," त्या म्हणाल्या. "जा तू. तुझ्यावर काही नाही आता."

आमोदनं हात खाली घेतला. "देव कोपेल ना तुझा?"

"माझं मी बघेन."

तो आपल्या खोलीत गेला. जवळ आला नाही, रागावलाही नाही. शनिवारी तो चैतालीबरोबर डॉक्टरांकडे गेला. डॉक्टर आधी फार रागावले, म्हणे, आणि मग खुर्ची ओढून तासभर ऐकून घेतलं. गोळी पुन्हा सुरू झाली. कॅप्सूलचं पाकीट आमोद स्वतःच्या बॅगेत ठेवतो, आणि घेण्याआधी उजेडाकडे धरून बघतो. एकदा दार उघडं राहिलं होतं, तेव्हा मालनबाईंनी पाहिलं.

ज्येष्ठात त्यानं वारज्याला तनयाच्या इमारतीत खोली घेतली. ऑफिस जवळ पडतं, असं त्यानं कारण दिलं आणि ते कुणी खोडून काढलं नाही. दर रविवारी मात्र जेवायला येतो. तब्येत धरलीय. छताच्या फळ्यांचं परत बोलला नाही. चैताली म्हणते, हळूहळू होईल, मामी. काय होईल ते सांगत नाही.

पहिल्या रविवारी मालनबाईंनी अळूची भाजी, भरली वांगी, शेवयांची खीर, सगळं त्याच्या आवडीचं केलं. बापलेक बसले. त्यांनी आमोदच्या ताटात वाढलं. तो गप्पा मारत राहिला, पाणी प्यायला, लिंबू पिळलं, पण घास उचलेना. रंगनाथरावांनी त्याच पातेल्यातली भाजी घेतली, खाल्ली, त्याच भांड्यातली खीर ओरपली. मग आमोदनं आपलं ताट हळूच वडिलांच्या ताटाशी बदललं. "बाबा, तुमच्यात वांगं मोठं आहे," असं हसून म्हणाला. रंगनाथरावांच्या ताटात वांगं नव्हतंच. त्यांना ते चालत नाही.

मालनबाई लग्न होऊन आल्यापासून सगळ्यांची जेवणं झाल्यावर पानावर बसत आलेल्या. पुढच्या रविवारी त्यांनी पानं मांडली, पातेली मधोमध ठेवली, आणि आमोद हात धुऊन येईपर्यंत स्वतः आधी बसल्या. तो समोर येऊन बसला. त्यांनी प्रत्येक पातेल्यातलं थोडं थोडं आपल्या ताटात घेतलं. भाजी, आमटी, भात, शेवटी खीर. आणि मान खाली घालून, त्याला नीट दिसेल असा, एकेकाचा घास सावकाश खाल्ला.

मग पळी त्याच्याकडे सरकवली. "तुझं तू वाढून घे," त्या म्हणाल्या.

त्यानं वाढून घेतलं.